शेजारी कोण बसावे? : डॉ. जेकब मोरेनो यांचे जीवन आणि कार्य

संस्थेच्या स्मरणिकेत चरित्र छापावयाचे म्हटले की संस्थापकांची, आश्रयदात्यांची आणि संस्थेसाठी आयुष्य वेचलेल्या शिक्षकांची नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ते उचितच आहे. यंदा त्या मालिकेत आम्ही एक दूरचे नाव जोडीत आहोत. डॉ. जेकब लेव्ही मोरेनो ना भारतीय होते, ना बौद्ध. तरीही या पृष्ठांवर त्यांना स्थान द्यावेसे वाटले, याची कारणे दोन आहेत. आज शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांत भूमिकाभिनय या नावाने जी अध्यापनपद्धती शिकविली जाते, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. आणि त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन घडले ते एका निवासी शाळेत. घरापासून दूर, अनोळखी मुलांच्या सोबतीने वाढणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, अशा वाचकांना मोरेनोंनी हाती घेतलेला प्रश्न परका वाटणार नाही. वर्गात, पंगतीत, झोपण्याच्या खोलीत मुलाच्या शेजारी कोण असावे आणि ते कोणी ठरवावे, हा तो प्रश्न.

आपल्या समाजाला या प्रश्नाची धग नव्याने सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नसे, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. बसण्याची जागा ही क्षुल्लक बाब नसून समाजरचनेचे ते सर्वांत लहान आणि सर्वांत खरे चित्र असते, ही गोष्ट आपल्याकडे अनुभवातून कळली. मोरेनोंनी ती मोजून दाखविली, आणि मोजून झाल्यावर ते चित्र खेळाच्या साहाय्याने बदलता येईल काय, याचा शोध घेतला.

मोरेनोंचा जन्म 18 मे 1889 रोजी रुमानियातील बुखारेस्ट येथे झाला. स्पेनमधून एके काळी हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशातील हे कुटुंब व्यापारावर जगत होते. वडिलांच्या नावातील मोरेनो हा भाग पुढे मुलाने आडनाव म्हणून घेतला. स्वतःच्या जन्माविषयी मात्र ते आयुष्यभर वेगळीच कथा सांगत आले. एका वादळी रात्री काळ्या समुद्रातील जहाजावर आपण जन्मलो, जन्माला आलो तेव्हा कोणत्याच देशाचा ध्वज आपल्यावर नव्हता, अशी ती कथा. अभ्यासकांनी जन्मनोंद शोधून ती खोडून काढली. तरी ज्याने पुढे साऱ्या जगाला भूमिका वठविण्यास शिकविले, त्याने आपल्या जन्मालाही एक नाट्यप्रवेश बहाल करावा, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.

बालपणीचा एक प्रसंग त्यांनी स्वतः नमूद केला आहे. चार-साडेचार वर्षांचा जेकब शेजारच्या मुलांना जमवून घराच्या तळघरात देव-देवदूतांचा खेळ मांडून बसला. टेबलावर खुर्च्या रचून छतापर्यंत स्वर्ग उभारला गेला. सर्वांत वरच्या खुर्चीवर जेकब देव होऊन बसला आणि बाकीची मुले देवदूत होऊन भोवती फिरू लागली. त्यांपैकी एकाने देवाला उडून दाखविण्यास सांगितले. देवाने हात पसरले आणि क्षणात तो जमिनीवर आला. उजवा हात मोडला. या अपघातातून त्यांनी काढलेला बोध पुढे त्यांच्या साऱ्या कार्याचा पाया ठरला. भूमिका केवळ एकट्याच्या कल्पनेवर उभी राहत नाही, तिला खालून धरणाऱ्यांचे हात लागतात; आणि देवपणाची खुर्ची एकट्यासाठी राखून ठेवण्यात धोका असतो.

कुटुंब पुढे व्हिएन्ना येथे स्थायिक झाले. तेथील विद्यापीठात जेकब तत्त्वज्ञान आणि नंतर वैद्यक शिकू लागला. 1908 पासूनच्या काही वर्षांत हा दाढीधारी विद्यार्थी ऑगार्टन या सार्वजनिक उद्यानात झाडाच्या बुंध्याशी बसून मुलांना गोष्टी सांगे. हळूहळू गोष्टींचे खेळ झाले. मुले स्वतःच राजा, चोर, आई, शिक्षक होऊ लागली. जुन्या कथा जशाच्या तशा न सांगता त्या क्षणी सुचेल तशा घडवू लागली. पाठ केलेले संवाद म्हणण्यापेक्षा प्रसंग समोर ठाकला असता त्या क्षणी योग्य प्रतिसाद देता येणे, हेच खरे शिक्षण, असे त्यांना येथे जाणवले. या गुणाला त्यांनी उत्स्फूर्तता म्हटले. उत्स्फूर्तता म्हणजे मनाला येईल ते करणे नव्हे. नव्या प्रसंगाला समर्पक आणि जुन्या प्रसंगाला नवा प्रतिसाद देण्याची ती क्षमता होय, आणि सरावाने ती वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पालकांना आणि शाळांना हा प्रकार रुचला नाही. उद्यानातील ती शाळा बंद पडली.

1913 मध्ये ते व्हिएन्नातील श्पिटेलबर्ग या वस्तीत गेले. तेथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया राहत. समाज त्यांना पापी समजे, पोलीस त्यांना गुन्हेगार मानीत, आणि सुधारक मंडळी उपदेश करीत. मोरेनोंनी यांतले काहीच केले नाही. एक वैद्य आणि एक वृत्तपत्र-प्रकाशक यांच्या साथीने त्यांनी आठ-दहा स्त्रियांचे लहान गट केले आणि आठवड्यातून काही वेळा त्यांना एकत्र बसविले. प्रथम बोलणे झाले ते अटक, आजार, वैद्यकीय उपचार अशा रोजच्या अडचणींचे. काही काळाने या स्त्रिया एकमेकींच्या आधार बनल्या. एकीच्या दुःखावरचा उपाय दुसरीजवळ निघू लागला. गटातील प्रत्येक व्यक्ती दुसरीवर उपचार करू शकते, हे सूत्र त्यांना मानसशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, तर समाजाने टाकलेल्या स्त्रियांकडून मिळाले. याची नोंद आपल्यासारख्या वाचकांनी विशेष आदराने घ्यावी.

पहिल्या महायुद्धाने त्यांना दुसरा धडा दिला. दक्षिण टिरोलमधून उठविलेली इटालियन भाषिक शेतकरी कुटुंबे व्हिएन्नाजवळच्या मिटर्नडॉर्फ येथील छावणीत लाकडी बराकींत ठेवली होती. तरुण मोरेनो तेथे वैद्यकीय कामावर होते. छावणीत पाणी, अन्न, औषधे यांचा हिशेब ठेवला जाई. परंतु कोणाच्या शेजारी कोण राहतो याचा विचार कोणी केला नव्हता. गावे, नाती, मैत्री, वैर यांची सरमिसळ करून माणसे बराकींत भरली होती, आणि नित्याच्या कलहांचे मूळ तेथे होते. 1916 च्या सुमारास त्यांनी शासनाला कळविले की, परस्परांची ओढ लक्षात घेऊन कुटुंबांची पुनर्मांडणी करावी. माणसांमधील ओढ आणि दुरावा यांचे मापन करणारे शास्त्र असू शकते, ही कल्पना येथे रुजली. पुढे त्याला सोशिओमेट्री, म्हणजे समाजमिती, हे नाव मिळाले.

1917 मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते व्हिएन्नाजवळच्या बाड व्योस्लाऊ या गावी डॉक्टर झाले. गरीब रुग्णांकडून ते शुल्क घेत नसत. याच काळात रंगभूमीची ओढ त्यांना शांत बसू देईना. 1 एप्रिल 1921 रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. रंगमंचावर होते फक्त एक राजसिंहासन. नटसंच नव्हता, संहिता नव्हती. युद्धाने साम्राज्य मोडले होते, देशाला धड नेता उरला नव्हता. विदूषकाच्या वेषातील मोरेनोंनी प्रेक्षकांना आवाहन केले की, ज्याला राज्य चालविता येईल असे वाटते त्याने येऊन सिंहासनावर बसावे आणि राज्य करून दाखवावे. काही जण आले. प्रेक्षकांच्या परीक्षेला कोणीच उतरले नाही. वृत्तपत्रांनी टीका केली, मित्र दुरावले. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. राज्य कोणी करावे या प्रश्नावर व्याख्यान ऐकणे निराळे, आणि खुर्चीवर बसून पाहणे निराळे.

त्यानंतर त्यांनी उत्स्फूर्त नाट्याची मंडळी काढली. त्यात बार्बरा नावाने त्यांनी वर्णिलेली एक अभिनेत्री सात्त्विक स्त्रियांच्या भूमिका करी. तिचा पती जॉर्ज याने एकदा येऊन सांगितले की, रंगमंचावरील ही सोज्ज्वळ मूर्ती घरी मात्र संतापाने बेभान होते. मोरेनोंनी तिला रस्त्यावरील भांडखोर स्त्रीची भूमिका दिली. अशा भूमिका ती करू लागली तसा घरातील तिचा क्रोध निवळू लागला. पुढे पती-पत्नी दोघेही रंगमंचावर येऊन आपल्याच घरातील प्रसंग सादर करू लागले, आणि ते पाहणाऱ्या प्रेक्षकांना आपापली घरे त्यांत दिसू लागली. मनोनाट्य, म्हणजे सायकोड्रामा, या उपचारपद्धतीचा उगम मोरेनो या अनुभवात सांगत.

1925 मध्ये ते अमेरिकेला गेले. परकी भाषा आणि परका देश असताना त्यांनी न्यू यॉर्कमध्ये मुलांबरोबरचे काम पुन्हा सुरू केले. सिंग सिंग या प्रसिद्ध तुरुंगातील कैद्यांचा अभ्यास करून, कोणत्या कैद्यांना एकत्र ठेवले असता ते परस्परांना सुधारण्यास साहाय्य करतील याची योजना त्यांनी मांडली. समूहाद्वारे मानसोपचार ही संज्ञा त्यांनी याच सुमारास, 1932 मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत रूढ केली.

ब्रुकलिनमधील एका सार्वजनिक शाळेत त्यांनी बालवर्गापासून आठव्या इयत्तेपर्यंतच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला. वर्गात आपल्या शेजारी कोणी बसावे असे तुला वाटते, एवढाच. उत्तरे कागदावर मांडली तेव्हा वर्गाचे अदृश्य रूप दिसू लागले. काही मुलांना सर्वांची पसंती होती. काही जोड्या परस्परांना निवडीत होत्या. आणि प्रत्येक वर्गात अशी मुले होती, ज्यांना कोणीच निवडले नव्हते. शिक्षकांना कोणता विद्यार्थी लोकप्रिय आहे आणि कोणता एकटा, याचा अंदाज करावयास सांगितले असता लहान वर्गांत तो पुष्कळसा बरोबर येई. वरच्या वर्गांत मात्र तो अधिकाधिक चुकू लागे. लहान मुले मुलगा-मुलगी वा वर्ण यांचा विचार फारसा करीत नसत. वाढत्या वयाबरोबर तट पडत जात. भेद मुलांच्या रक्तात नसतो, तो इयत्तेगणिक शिकविला जातो, असा या आलेखांचा अर्थ आम्ही लावतो.

याच काळात त्यांना न्यू यॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या शासकीय प्रशिक्षण शाळेत संशोधनाची संधी मिळाली. न्यायालयांनी पाठविलेल्या सुमारे पाचशे मुली तेथे राहत. स्वतंत्र घरे, प्रत्येक घराला एक गृहमाता, शाळा, धुलाईघर, शेती, प्रार्थनामंदिर असा तो मोठा परिसर होता. 1932 च्या शरद ऋतूत तेथे मुली पळून जाण्याची लाट आली. दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. नेहमीच्या प्रमाणाहून हा आकडा तीसपट अधिक होता. शिस्त कडक करावी, पहारा वाढवावा, पळणाऱ्या मुलींच्या स्वभावाची चौकशी करावी, हे नेहमीचे उपाय होते. मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन हॉल जेनिंग्ज यांनी वेगळी वाट घेतली.

त्यांनी प्रत्येक मुलीला विचारले की, एका घरात राहण्यासाठी तुला कोणत्या पाच मुली हव्यात. उत्तरांवरून नकाशे तयार झाले. प्रत्येक मुलीसाठी एक वर्तुळ, ओढीसाठी लाल रेघ, नकारासाठी काळी रेघ. या नकाशांना आपण समाजालेख म्हणू. पळून गेलेल्या मुलींची वर्तुळे त्यात शोधली असता दिसले की त्या निरनिराळ्या घरांतील असूनही ओळखीच्या साखळीने परस्परांशी जोडलेल्या होत्या. पळून जाण्याची कल्पना त्या साखळीवरून एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचत होती. कारण केवळ एकेका मुलीच्या स्वभावात नव्हते. ते त्यांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यात होते. 1933 च्या एप्रिलमध्ये हे नकाशे न्यू यॉर्कमधील वैद्यकीय परिषदेत प्रदर्शित झाले आणि न्यू यॉर्क टाइम्स या दैनिकाने त्यांची दखल घेतली. 1934 मध्ये या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्याच्या नावाचा अर्थ होतो, कोण तग धरील? आज समाजमाध्यमांपासून साथीच्या रोगांपर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सामाजिक जाळ्यांच्या अभ्यासाचे एक मूळ या निवासी शाळेच्या नकाशांत आहे.

परंतु मोरेनोंनी नकाशावर काम थांबविले नाही. त्यांचा दंडक असा होता की, मुलांना पसंती विचारायची तर तिच्यावर कृती झाली पाहिजे; नुसती माहिती गोळा करण्यासाठी विचारलेला प्रश्न ही मुलांची फसवणूक होय. त्यानुसार घरांची मांडणी शक्य तेवढी पसंतीप्रमाणे बदलण्यात आली. नवी मुलगी आली की तिची अनेक गृहमातांशी आणि घरांतील प्रतिनिधी मुलींशी भेट घडवीत, आणि दोन्ही बाजूंच्या ओढीचा विचार करून तिचे घर ठरे. त्याच्या जोडीला भूमिकांचा सराव असे. एखादी मुलगी आई होई, दुसरी तिची मुलगी. एखादी मालकीण, दुसरी तिच्याकडे कामाला राहिलेली. शाळेबाहेरच्या जगात जे प्रसंग ओढवणार होते ते आधी सुरक्षित जागी घडवून पाहिले जात. पहिल्या खेपेस मुलगी चिडे वा गप्प होई. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेस तिला नवे उत्तर सापडे. विमान चालविण्याआधी प्रतिकृतीत बसून सराव करतात, तसाच हा जगण्याचा सराव होता. पुढे पळून जाण्याचे प्रमाण घटत गेले, असे मोरेनोंनी नोंदविले आहे.

येथपर्यंतची कथा गौरवाची आहे. आम्ही मात्र तेथे थांबू शकत नाही. त्याच हडसनच्या शाळेत काळ्या मुलींना वेगळ्या घरांत ठेवले जाई. समाजालेखांच्या लाल-काळ्या रेघांनी शेकडो मुलींच्या मनांचा ठाव घेतला. शाळेने वर्णावरून उभारलेली ती भिंत मात्र त्या प्रयोगाने पाडली नाही. 1933 मध्ये त्या शाळेत सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची एक अनाथ काळी मुलगी दाखल झाली. तिचे नाव एला फिट्झजेराल्ड. पुढे जॅझ संगीतातील थोर गायिका म्हणून जगाने तिला डोक्यावर घेतले. शाळेत गायनवृंद होता, पण तो गोऱ्या मुलींचा होता. एलाने त्या दिवसांविषयी पुढे जाहीरपणे बोलणे टाळले; तिच्या मृत्यूच्या वर्षी, 1996 मध्ये, वृत्तपत्रीय शोधातून ही हकिकत उजेडात आली.

या विसंगतीकडे डोळेझाक करून मोरेनोंचे चरित्र सांगणे आपल्या संस्थेला शोभणार नाही. मोजणारा माणूस कितीही कुशल असो, तो काय विचारतो यावर त्याला काय दिसणार हे ठरते. घराच्या आत कोणाशेजारी कोण, हे विचारले गेले. मुळात घरे वेगळी का, हा प्रश्न संस्थेच्या चौकटीबाहेर राहिला. साताऱ्याच्या त्या वर्गात जर कोणी समाजालेख काढला असता, तर दारापाशी गोणपाटावर बसलेल्या मुलाचे वर्तुळ त्यात काढले गेले असते काय? साधन थोर असले तरी न्यायबुद्धीची जागा ते घेऊ शकत नाही. त्या मुलाने मोठेपणी भिंतीविषयीच प्रश्न विचारला, म्हणून आपण आज येथे आहोत.

1936 मध्ये मोरेनोंनी न्यू यॉर्क राज्यातच बीकन येथे स्वतःचे रुग्णालय काढले आणि त्यात मनोनाट्यासाठी खास रंगमंच उभारला. 1937 मध्ये त्यांनी समाजमितीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, 1942 मध्ये समूह-मानसोपचार आणि मनोनाट्य यांची संस्था स्थापिली. 1941 मध्ये आजारी बहिणीच्या उपचारासाठी बीकनला आलेल्या झेर्का टोमन पुढे त्यांच्या सहकारी झाल्या, 1949 मध्ये पत्नी झाल्या. मोरेनोंची विस्कळीत, आवेगी मांडणी शिकविता येईल अशा शिस्तीत बसविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात झेर्का यांना जाते. पतीच्या पश्चात चार दशके त्यांनी हे कार्य देशोदेशी नेले.

या पद्धतीचा गाभा समजून घेण्याजोगा आहे. तिचे तीन टप्पे असतात. प्रथम गटाची मने मोकळी करणे. मग प्रसंग प्रत्यक्ष घडविणे. आणि शेवटी सर्वांनी मिळून बोलणे. या शेवटच्या टप्प्यात उपदेश आणि टीका वर्ज्य असते. पाहणाऱ्यांनी केवळ आपल्या आयुष्यात याच्याशी मिळते काय घडले ते सांगावयाचे. मधल्या टप्प्याचा प्राण म्हणजे भूमिकांची अदलाबदल. समजा, दूरच्या खेड्यातून नवा मुलगा वसतिगृहात आला आहे आणि त्याच्या बोलीवरून भोजनगृहाच्या रांगेत मुले हसतात. शिक्षकाने हसणाऱ्यांना दटावले तर हसणे थांबेल, किंवा त्याच्या पाठीमागे चालू राहील. त्याऐवजी तसाच एक कल्पित प्रसंग मांडला आणि हसणारा मुलगा काही मिनिटे नवख्याच्या जागी ताट घेऊन उभा राहिला, तर त्याच्या पोटात जे कालवते ते कोणत्याही दटावणीने कालवत नाही. मग त्याने वाढणाऱ्या ताईंच्या जागी उभे राहावे, मग बघ्याच्या. एकच प्रसंग तीन जागांवरून दिसला की मूल स्वतःच विचार करू लागते. 1967 मध्ये फॅनी आणि जॉर्ज शाफ्टेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ दांपत्याने भूमिकाभिनयाचे शालेय रूप ग्रंथबद्ध केले. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत शिकविले जाणारे टप्पे पुष्कळसे तेथूनच आलेले आहेत.

खेळ म्हटला तरी त्याला पथ्ये असतात. ज्याला प्रत्यक्ष दुखावले गेले आहे त्याच मुलाला दुखावल्या गेलेल्याची भूमिका देऊन सर्वांसमोर उभे करू नये. खेळ संपल्यावर प्रत्येकाला भूमिकेतून बाहेर आणावे. खलनायक झालेल्या मुलाला त्या नावाने पुढे कोणी चिडवता कामा नये. कोणी कोणाला निवडले याचा नकाशा कधीही फळ्यावर लावू नये. एकट्या पडलेल्या मुलाचे एकटेपण जाहीर करणे ही क्रूरता होय. आणि भूमिका गोठू देऊ नये. 1971 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी तरुण विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी अशा भूमिका नाणेफेकीने वाटून लटका तुरुंग उभारला. दोन आठवड्यांसाठी योजलेला तो प्रयोग पहारेकऱ्यांच्या छळामुळे सहा दिवसांत बंद करावा लागला. त्या प्रयोगावर पुढे अनेक आक्षेप घेतले गेले. आम्हाला त्यात एक उणीव विशेष जाणवते. पहारेकऱ्याला कैद्याच्या जागी उभे करणारी अदलाबदल त्यात नव्हती. जी भूमिका सोडता येत नाही आणि बदलता येत नाही, ती खेळ राहत नाही. ती जात होते.

मोरेनो निर्दोष नव्हते. त्यांना प्रसिद्धीची हाव होती. आपल्या कल्पना इतरांनी श्रेय न देता उचलल्या अशी तक्रार ते सतत करीत, आणि त्या भरात अनेक सहकारी त्यांनी दुखावले. विज्ञानाची शिस्त त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळत नाही. तरीही माणसाकडे रोगी म्हणून न पाहता निर्माता म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी टिकली. 1964 मध्ये पॅरिस येथे मनोनाट्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ही पद्धती युरोप-अमेरिकेत रुजली होती. 14 मे 1974 रोजी बीकन येथे त्यांचे निधन झाले. मनोविकारशास्त्रात ज्याने हास्य आणले तो माणूस, अशी आपली ओळख राहावी, ही त्यांची इच्छा होती. 1993 मध्ये त्यांच्या अस्थी व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत नेण्यात आल्या. ज्या नगरीने त्यांच्या रिकाम्या सिंहासनाला हसून वाटेला लावले होते, तेथेच ते परतले.

त्यांचा मार्ग आपल्याला तसा अनोळखी नाही. मृत पुत्राला कवटाळून औषध मागणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आणण्यास तिला पाठविले. दारोदार जाऊन, प्रत्येक घराचे दुःख ऐकून, ती स्वतःच सत्यापाशी पोहोचली. मोरेनो हडसनच्या मुलींकडून प्रसंग करवून घेत होते त्याच दशकात आपल्याकडे भीमराव कर्डक यांच्यासारखे कलावंत आंबेडकरी जलशांतून सावकार, पुरोहित आणि नवशिक्षित तरुण यांच्या भूमिका उभ्या करून खेड्यापाड्यांतील निरक्षर बांधवांना विचार करावयास लावीत होते. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. शिकणे कानांतून कमी आणि अनुभवातून अधिक होते, ही जाण मात्र दोहोंकडे होती.

वसतिगृहात नवे वर्ष सुरू झाले की खोल्यांची यादी लागते. मुले त्या यादीपुढे गर्दी करतात आणि आपले नाव कोणाच्या नावाखाली आहे ते बोटाने शोधतात. त्या क्षणी प्रत्येक मुलाच्या मनात जे धडधडते, त्याला शास्त्राच्या योग्यतेचा विषय मानणारा एक माणूस होऊन गेला, हे शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवावे. यादी करणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. कोणालाच नको असलेले मूल कोणते, आणि त्याला कोणी निवडावे यासाठी आपण काय घडवून आणू शकतो. आणि त्याहून आधी, आपल्या नकळत आपणच एखादी भिंत यादीत उतरविलेली नाही ना? पहिली गोष्ट मोरेनोंनी शिकविली. दुसरी त्यांच्याकडून राहून गेली. ती बाबासाहेबांच्या अनुयायांनी विसरून चालणार नाही.